बारदानासकट

प्रवासाला मोजकंच सामान न्यावं, असं सांगणाऱ्यांचा मी आदर करते. पण त्यांनी माझे बाबा पाहिलेले नाहीत.

सौसरच्या शाळेत शिकवत असताना मला दोन वर्षं इंग्लंडला जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली. पासपोर्टाच्या कामासाठी पहिल्यांदा नागपूरला गेले तेव्हा ती आमची राजधानी होती. दुसऱ्या खेपेपर्यंत, छप्पन्न सालच्या राज्यांच्या फेररचनेत, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. बाबा म्हणाले, "तू काहून घाबरून राहिली? तुह्या आधी नागपूरच परदेशी गेलं."

बाबांची पांढुर्ण्याला कापसाची अडत होती. आई मी लहान असतानाच गेली. घर आत्या सांभाळायची. मी लग्नाचं नाव काढू देत नव्हते, तेव्हा निदान विलायतेची पाठवणी तरी थाटात व्हावी, असं दोघांनी मनावर घेतलं होतं. तेवढ्यात विमान कंपनीचं पत्र आलं: चव्वेचाळीस पौंडांवर सामान चालणार नाही. बाबांनी हिशेब केला, साडेएकवीस शेर. आत्या हबकलीच. "एवढ्यात तं माणूस तिगावले बी जात नाही!" तिगाव म्हणजे आमच्या जवळचंच स्टेशन.

मग आठवडाभर मी ट्रंकेतून काढायचे आणि आत्या भरायची. कुरड्या, तिखटाचा डबा, लिंबाचं लोणचं. मी निरोपाच्या भेटी उरकून येईपर्यंत लोणच्याची बरणी पुन्हा साड्यांच्या घडीत जाऊन बसलेली असे. पण खरं भांडण झालं ते रजईवरून.

बोरगावच्या आमच्या शेतातला पहिल्या वेचणीचा कापूस बाबांनी मुद्दाम वेगळा ठेवला होता. पिंजाऱ्याकडून तो पिंजून त्यांनी माझ्यासाठी रजई भरवून घेतली. चार शेरांची.

"बाबा, तिथं ब्लँकेटं मिळतात."

"मिळत असतीन. त्यात आपला कापूस असते का? अन् तुले थंडी वाजली तं मी कोठून येऊ पांघरूण घालाले?"

त्यांना थंडीची काळजी नव्हती. मी त्यांच्या हाताबाहेर, एकटी असेन, ही भीती होती. मला ते कळत होतं आणि तरी मी चिडत होते, कारण ती रजई म्हणजे माझी पाच-सहा पुस्तकं. शेवटी त्यांचा चेहरा बघवेना. निम्मी पुस्तकं मी फळीवर परत ठेवली आणि रजई ट्रंकेत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी अडतीतल्या काट्यावर वजन झालं. आधी रिकामी ट्रंक, मग भरलेली. कापूस तोलताना पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करतात. उरतो तो माल. बाबांनी ट्रंकेचे पाच शेर वजा केले आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर साडेएकवीस." त्या काट्याभोवती खेळत मी लहानाची मोठी झालेली. मलाही काही खटकलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर कारकुनाने काटा पाहिला. "दहा पौंड जास्त आहे."

"बारदान वजा करा ना, साहेब."

"ट्रंकेसकटच धरतात, काका."

"असं कसं? माल तोलते का डबा? तीस वर्षं झाले आम्ही बारदान कापून राहिलो!"

रांगेतले लोक हसले. मला लाज वाटली, आणि ती वाटली याची आज जास्त वाटते. बाबांनी ट्रंक काट्यावरून उतरवली. चूक आपली आहे, हे त्यांना कळलं होतं.

तिथेच जमिनीवर ट्रंक उघडली. लोणचं निघालं, तिखट निघालं. तेवढ्याने काय होणार? मी पुस्तकांना हात घातला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं.

"पुस्तकं ठेव. शिकाले चालली तू, झोपाले नाही."

रजई त्यांनी स्वतः काढली. एका कोपऱ्याचा टाका दातांनी तोडला, आतून मूठभर कापूस ओढला आणि आपल्या रुमालात बांधून माझ्या हातात दिला. अडतीत सौदा ठरला की अशी मूठभर वानगी घेणाऱ्याजवळ राहते. माल पुढे त्याच्याशी ताडून पाहायचा.

"हे वानगी," ते म्हणाले. "माल माह्यापाशी जमा आहे. आली की घेऊन जा."

मी त्यांच्या पाया पडले आणि मागे न बघता गेले. बघितलं असतं, तर गेलेच नसते.

दोन वर्षांनी परतले तेव्हा रजई माझ्या खाटेवर घडी घालून ठेवलेली होती. कोपरा तसाच उसवलेला. आत्या करवादली, "कितीक डाव म्हटलं, टाका घालतो. हात लावू देईल तं शपथ! म्हणते, माल पुरा नाही अजून."

मी रुमाल सोडला. बाबांनी कापूस चिमटीत धरून उजेडात पाहिला, तंतू ओढून पाहिला. "आपलाच आहे," म्हणाले, आणि तो कोपऱ्यात भरला. मग त्यांनी सुई-दोरा मागितला. दोन-तीनदा दोरा ओवून पाहिला आणि सुई माझ्यापुढे धरली. तेवढ्या दोन वर्षांत त्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं.