फोनवर न पोचणारा सा

रविवारी सकाळी अकरा वाजता मी काकांना मिस्ड कॉल द्यायची. दोनदा घंटी वाजू द्यायची आणि कापायचा, एवढंच माझं काम. मग पाच मिनिटांत वर्ध्याहून त्यांचा फोन यायचा. मी मोबाईल स्पीकरवर टाकून पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि गिटार मांडीवर घ्यायची. मार्चमधल्या त्या रविवारीही तसंच केलं. सव्वाअकरा झाले तरी फोन नाही. मला काळजी करायला फार काही लागत नाही. मागच्या रविवारी आपण काही वेडंवाकडं बोललो का, हेच आधी मनात आलं. दुसरा मिस्ड कॉल द्यावा की देऊ नये यात आणखी दहा मिनिटं गेली. मग फोन वाजला. मी घाईघाईने तो डब्याला टेकवला, गिटार सावरली, पहिली कॉर्ड धरली... आणि पलीकडे काकू होत्या. "सुनीता, गिटार खाली ठेव बेटा," म्हणाल्या. ती माझ्या हातात असणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी ठेवली. मग त्यांनी सांगितलं, काका पहाटे गेले. झोपेतच.

मेश्राम काका माझ्या नात्यातले नव्हते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, मूळचे वर्ध्याकडचे. जयपूरला बदली होऊन आले ते निवृत्त होईपर्यंत खातीपुऱ्यातल्या क्वार्टरमध्येच राहिले. २००३ साली लग्न होऊन मी खामगावकडून इथे आले तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. आमचे हे रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीला. ड्यूटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची. मी एकोणीस वर्षांची, हिंदी तोडकंमोडकं, दूधवाल्या भैयाला "अर्धा लिटर जास्त द्या" म्हणायचं तरी आधी मनात चारदा म्हणून पाहणारी. नववीत बीजगणितात नापास झाले, त्याच वर्षी आई आजारी पडली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. आपल्या डोक्यात काही शिरत नाही, हे तेव्हापासून मी धरूनच चालले होते. कोणी काही विचारलं की उत्तर येत असलं तरी आधी "मला नाही माहीत" हेच तोंडातून निघायचं.

एकदा काकूंची चाळणी परत द्यायला गेले होते. काका अंगणात खुर्ची टाकून गिटारवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते. तरुणपणी ते एका गायन पार्टीत होते, जयंतीच्या दिवसांत गावोगाव फिरायचे. इथे कॉलनीतही दर चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम त्यांच्याच जिवावर व्हायचा. मी चाळणी दिली, निघाले, आणि तोंडून निघून गेलं, "काका, शेवटच्या वेळी वेगळं वाजवलं का?" बोलले आणि वाटलं, झालं, दाखवली आपली अक्कल. काका थांबले.

"वेगळं म्हंजे?"

"आधी जमिनीवरून आल्यासारखं होतं. मग... गच्चीवरून."

काका काकूंकडे वळले. "ऐकलं का वं? आमच्या ढोलकीवाल्याले वीस वर्सांत समजलं नाई, ते हिले चाळनी देता देता समजलं."

"मंग आता चाळनी रोज नेत जाय म्हना तिले," काकू म्हणाल्या. आणि खरंच, दुसऱ्या दिवशीपासून मी रोज काही ना काही निमित्ताने जायला लागले. आठवड्याभराने काकूच म्हणाल्या, "पोरी, आता रिकाम्या हाती आली तरी चालते."

कॉर्ड म्हणजे एका वेळी वाजणारे तीन-चार सूर, एवढंही मला माहीत नव्हतं. काकांनी त्या दिवशी तेच सूर आधी दांडीच्या टोकाला आणि मग वर, पोटाजवळ वाजवले होते. ते समजावायला त्यांनी घरातला एक फोटो आणला: ते, काकू आणि मुलगी. "हा फोटो पाह्य. मी मधात, ह्या दोघी बाजूले. आता पोरीले मधात बसव आन् मले मांगं उभं कर. मानसं तेच न? पन फोटो तोच राह्यला का?" कॉर्ड तीच, बसायची रीत वेगळी. एकेका कॉर्डच्या अशा किती रीती, आणि कुठली कधी घ्यायची, हे शिकण्यात पुढची तीन-चार वर्षं गेली. गाणाऱ्याचा आवाज खाली असला तर तू वर बस, त्याच्या अंगावर बसू नको, असं ते सांगायचे. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना हात लांब उडी मारायला लागला की लगेच ओरडायचे, "शेजारच्या घरी जायले रिक्शा काऊन करते?" कारण जवळच, एखादंच बोट हलवून, दुसरी कॉर्ड बहुतेक वेळा सापडतेच.

त्यामागचं गणितही त्यांनी शिकवलं. गणित हा शब्द मात्र कधी काढला नाही. काढला असता तर मी पळाले असते. दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेला ते घर म्हणायचे. सा या सुरापासून चार घरं चाललं की ग. तिथून तीन घरं चाललं की प. ही झाली मेजर. आधी तीन आणि मग चार चाललं तर माइनर. "येवढ्या एका घरानं गान्याचं तोंड उतरते," असं म्हणून दोन्ही वाजवून दाखवायचे, आणि खरंच उतरायचं. डाळ निवडताना मी फरशीवर दाणे मांडून ही घरं मोजायची. एकदा तारा आणायला आम्ही बसने शहरात गेलो. गोपालपुऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी क्लासचे फलक, फलकांवर हसरी मुलं आणि त्यांचे मार्क. मी खिडकीतून मान फिरवली. काकांनी ते पाहिलं असणार. म्हणाले, "यातलं एक तरी पोरगं तुले माइनर ओळखून दाखवते का, इचार उतरून." मी हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं.

२००७ च्या सुरुवातीला काका निवृत्त झाले. सामान बांधताना गिटार माझ्याकडे दिली. "गाडीत आदळआपट होते. राहू दे तुह्याजवळ, मंग नेतो." मंग कधी आलं नाही. गावी गेल्यावर त्यांनी दुसरी घेतली आणि रविवार सुरू झाले. जाताना त्यांनी कॉलनीतल्या सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, आता जयंतीला गिटार सुनीता वाजवणार. त्या एप्रिलला मला ताप आला. पुढच्या एप्रिलला माहेरचे पाहुणे आले. ताप खोटा होता आणि पाहुणे दुसऱ्या दिवशी आले असते तरी चाललं असतं. चार लोकांसमोर चुकायचं नाही, एवढंच मला हवं होतं. काका फोनवर फक्त "बरं" म्हणाले. ते "बरं" मला फार लागलं.

आणि मग ते सी मेजर सेव्हन या कॉर्डचे तीन रविवार. सा, ग, प, नि असे चार सूर. पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात सा, चौथीवर ग, बाकीच्या बारीक तारा मोकळ्या. सोपी कॉर्ड. मी वाजवली. काका म्हणाले, "माइनर वाजवते आहे तू. पाचव्या तारेवरचं बोट पाह्य बरं, एक घर मांगं गेलं असंल." मी पाहिलं. बोट तिसऱ्याच घरात होतं. तरी म्हणाले, "हो काका, चुकलं." पुन्हा वाजवली. "तेच." पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मी बोट दाबून दाबून फोड आणला. घर बदलून पाहिलं तर भलतंच काही वाजायचं. ह्यांना म्हणाले, "मला नाही जमायचं, काकांना सांगून टाका." हे म्हणाले, "तू सांग. मी मधे पडनार नाई."

तिसऱ्या रविवारनंतर, गुरुवारी, मी तुरीची डाळ निवडत होते. हात आपोआप दाणे मांडायला लागला. सापासून चार, तिथून तीन, तिथून आणखी चार म्हणजे नि. चार-तीन-चार. सहज पहिला दाणा बाजूला सरकवला, सा काढला, आणि राहिलं काय? ग, प, नि. तीन-चार. माइनर! ती माइनर पहिल्यापासून त्या कॉर्डच्या पोटातच होती. सा खाली उभा होता म्हणून ती वेगळी ऐकू यायची. मी तो दाणा परत ठेवून पुन्हा काढून पाहिला. बीजगणितात नापास झालेल्या बाईला हे दिसलं म्हणजे बहुधा चुकीचंच असणार, असंही वाटून गेलं. रविवारी धीर करून एवढंच विचारलं, "काका, फोनवर जाड तारा ऐकू येतात का हो?"

पलीकडून "अरे बाप्पा!" आणि असं हसू की काकू आतून धावत आल्या. "फोननं सा खाल्ला वं! मले वरचे तीनच येऊन राह्यले." हसू थांबल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तीन रविवार मी चूक म्हनलो. तीन रविवार तू हो म्हनली. बोट बरोबर आहे, हे माहीत होतं न तुले?"

"होतं."

"मंग?"

"तुम्ही म्हणालात म्हणून..."

"मले अर्धंच ऐकू येत होतं, बेटा. तुले तर पुरं ऐकू येत होतं न."

मी पुन्हा तीच कॉर्ड धरली आणि वाजवली.

त्यानंतर काकांनी मला कॉर्ड सा सोडूनच शिकवायला घेतल्या. सा फोनवर पोचत नाहीच, तर वरचे तीन चांगले बसव, म्हणाले. मी विचारलं, मग सा कुठे? "फोटोत सारे दिसतात. फोटो काढनारा दिसते का? पन पाहून तर सारे त्याच्याचकडे राह्यले." आणि मग ठरलं की एप्रिलला ते स्वतः जयपूरला येणार. रेल्वेचा पास आहेच. खातीपुऱ्याच्या स्टेशनावर उतरतो आणि चालत घरी येतो, म्हणाले. त्यांनी चाल लावलेलं जयंतीचं एक गाणं होतं, त्याची सुरुवात नुसत्या गिटारवर, याच कॉर्डने. "खालचा सा माह्यावाला, वरचे तीन तुह्ये. आता ताप येऊ देऊ नको." त्यांना ठाऊक होतं तर!

काका गेले आणि जयंतीला तीन आठवडे उरले होते. मी अक्षयकडे गेले. अक्षय कॉलनीतलाच, जयपुरात जन्मलेला, जयंतीच्या कार्यक्रमात कीबोर्ड वाजवतो आणि मराठी अडखळत बोलतो. मला जमणार नाही, हे सांगायलाच गेले होते. तो म्हणाला, "ठीक आहे वहिनी. मग ते काकांनी बसवलेलं गाणं काढून टाकतो. ते गिटारशिवाय होत नाही ना, मतलब... मजा नाही येत." वहीत गाण्यांची यादी होती. त्याने पेन उचललं. मी म्हणाले, "नको काढू." कसं म्हणाले मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मैदानात सतरंज्या होत्या, अख्खी कॉलनी होती. गाण्याची पाळी आली. बोट पाचव्या तारेकडे गेलं होतं. सा घेतला असता तर काही बिघडलं नसतं, उलट सोपं झालं असतं. पण तो माझा ठरला नव्हता. मी बोट उचललं आणि वरचे तीन सूर वाजवले. उघड्यावर ते फार उदास वाटले. अक्षय दचकून वाकला, "वहिनी, माइनर लागलाय. गलत आहे का?"

सवयीचं उत्तर जिभेवर आलंही होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तू हात लावू नको."

चार वेळा तसंच वाजवलं. मग गाणं सुरू झालं. ते सा या सुरावरूनच सुरू होतं. आधी बायकांनी धरलं, आणि मागे उभ्या असलेल्या पुरुषांचा जाड सा खालून आला, आणि माझ्या हाताखालचे तेच तीन सूर, बोट न हलवता, उजळले. अक्षय माझ्याकडे बघत राहिला आणि नुसतं "अच्छा..." म्हणाला. मला मात्र वर बघवलं नाही. डोळ्यांतून पाणी पडून दांडी घसरायला लागली होती, आणि बोटं धरून ठेवणं भाग होतं.

आता मे संपत आला. कूलरच्या आवाजात बारीक तारासुद्धा नीट ऐकू येत नाहीत, म्हणून रविवारी अकराला मी तो बंद करते. जयंतीनंतरच्या रविवारी मी सवयीने मोबाईल उचलला आणि ओशाळून खाली ठेवला. दुपारी काकूंचा फोन आला. "मिस कॉल काऊन बंद केला?" सकाळी मोबाईल उचलून खाली ठेवला होता, ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्या काकाचा मोबाईल मी चार्ज करून खिडकीत ठेवते. मले तुमच्या त्या सुरातलं काही समजत नाई. पन घंटी वाजली का समजते, अकरा वाजले, सुनीता बसली. देत जाय."

म्हणून देते. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवते, दोनदा वाजू देते आणि कापते. मग पाच मिनिटं थांबते, जेवढी पूर्वी थांबायची तेवढीच, आणि पहिली कॉर्ड धरते. पाचव्या तारेवर बोट ठेवत नाही.