दक्षिणेकडं तोंड केलेल्या प्लेटा

आमच्या राहू गावात दक्षिणेला दार ठेवत नाहीत. दक्षिण यमाची. घराच्या बाबतीत मी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पण सोलरच्या प्लेटांना कसलं दार आणि कसला उंबरा?

घोडीच्या गोठ्याशेजारी तीन प्लेटा आणि बॅटरी बसवली ती माझ्या हट्टानं. रात्री लाईट कधी जाईल याचा नेम नाही, गोठ्यामागं ऊस आणि उसात बिबट्या. त्यात घोडी गाभण. ही यात्रेतल्या शर्यतीत बैलगाड्यापुढं पळणारी घोडी, सासऱ्यांचा जीव की प्राण. आमची मेंढरं केव्हाच गेली, जनावरांचं वेड तेवढं घरात राहिलं. गोठ्यात रात्रभर उजेड हवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

दिवसभर ऊन मिळावं म्हणून फिटरनं प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून लावल्या. दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी त्याला परत बोलावून स्टँड पूर्वेकडं फिरवून घेतला. मी फिटरला जाब विचारला, तर म्हणाला, "आबांच्या पुढं कोण बोलणार, वहिनी?"

हिवाळ्यात भीमेवरनं येणारं धुकं दहापर्यंत हलत नाही. ते विरेपर्यंत सूर्य वर सरकलेला असतो, आणि दुपारनंतर ऊन प्लेटांच्या पाठीवर. बॅटरी अर्धीसुद्धा भरेना. पहाटेच्या आधीच दिवे विझायचे. तिसऱ्या आठवड्यात गोठ्याच्या दाराशी बांधलेलं कुत्रं बिबट्यानं नेलं. सकाळी नुसती साखळी पडली होती, आणि घोडी इतकी थरथरत होती की पाण्याला तोंड लावेना.

मला रडू नाही आलं, राग आला. खुरपायला आलेल्या दोघी बायकांना हाक मारली, पहार घेतली आणि सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत स्टँडच्या पायांवरचे दगड काढायला लागले.

बाजेवरनं ते म्हणाले, "सूनबाई, यमाकडं तोंड करतीस व्हय?"

"आबा, यम उसातनं येतोय. साखळी बघितली न्हाई का तुम्ही?"

"घरात काय झालं तर तुझ्या माथी."

"असू द्या माझ्या माथी. पर प्लेटा आज फिरणार."

ते उठून आडवे आले नाहीत, हे मात्र खरं. दोनदा स्टँड कलंडता कलंडता वाचला. माझ्या हाताला फोड आले.

त्या दिवसापासून गोठ्यातले दिवे उजाडेपर्यंत टिकायला लागले. बिबट्याचे ठसे बांधावर दिसले, गोठ्याजवळ एकदाही नाही. महिन्याभरानं घोडी व्याली.

तरी सासूबाईंचा गुडघा धरला, की दोष प्लेटांचा. ट्रॅक्टर बंद पडला, प्लेटा. सणसवाडीच्या कंपनीत नवऱ्याला रात्रपाळी लागली, तरी प्लेटाच. भावकीतला जो तो येता-जाता सुनावून जातो. मी ऐकते आणि प्लेटांवरची धूळ पुसते.

परवा सासरे पाहुण्यांना शिंगरू दाखवत होते. पुढं हेच गाड्यापुढं पळणार म्हणून कौतुक चाललं होतं. "आमच्या नशिबानं वाचलं," ते म्हणाले.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांसमोरच म्हटलं, "आबा, काय झालं तर माझ्या माथी, असं ठरलंय ना आपलं? मग ह्ये शिंगरू बी माझ्याच माथी."