सोफ्याच्या पोटात काय काय

जुना सोफा उसवला की त्याच्या पोटातून काय निघेल याचा नेम नसतो. पेनं, रिमोट, केसांच्या पिना, अर्धवट चघळलेलं चॉकलेट, एकदा तर चक्क चहाची गाळणी! किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी साठवत नाही. बसता-उठता फटीत सरकत जातात आणि एक दिवस हात घातला की मूठभर लागतात.

भंडाऱ्यात आमचं सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. फोम, रेक्झिन, पडद्याचं कापड, कुशनच्या चेन, सगळं मिळतं. गल्ल्यावर मी बसते. मागच्या खोलीत शालिकभाऊ, आमचे कारागीर. वीस वर्षं झाली, माणूस तोंडात खिळे धरूनच बोलतो. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नाही, आणि ते बरंच आहे. मशीनवर त्यांची मुलगी प्रणाली. बी.कॉम. झाली, पण शिलाई बापापेक्षा सरळ.

आमच्याकडे एक वाईट खोड आहे. गिऱ्हाइकाचं नाव कोणी लक्षात ठेवत नाही. कापडावरून नाव पडतं. “मरून रेक्झिनवाले सर येऊन गेले.” “पिवळ्या फुलाच्या काकूंचा फोन होता.” चिठ्ठीवरही तेच लिहायचं. आजवर अडलं नाही, म्हणून चालू राहिलं.

आणि सगळ्या जिल्ह्याचे सोफे नवे करणाऱ्या या शालिकभाऊंच्या घरचा सोफा? फाटका! स्प्रिंग वर आलेली. पाहुणा बसला की किंचाळून उठायचा. त्यांची बायको सुलोचना बारा वर्षं एकच प्रश्न विचारत होती, “आपला कधी?” शालिकभाऊंचं उत्तरही एकच, “कटपीस जमू दे.”

*

बपेऱ्याहून एकाचा फोन आला. नवा सोफा हवा होता.

“माप सांगा,” शालिकभाऊ म्हणाले.

“तीन माणसाचं.”

“तसं नाई. फुटात सांगा.”

“फुटात कायले? दोन धष्टपुष्ट, एक बारीक.”

शालिकभाऊंनी खूप समजावलं. तो ऐकेना. शेवटी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. अंगणात तीन भाऊ ओळीने पाटावर बसलेले, खांद्याला खांदा लावून, अगदी गंभीर चेहऱ्याने! शालिकभाऊंनी फोटो मोठा केला, पाटावरून अंदाज काढला आणि सोफा केला.

सहा महिन्यांनी पुन्हा फोन.

“भाऊ, सोफा कमी पडून राहिला.”

“काहून?”

“बारक्याचं लगन झालं न! सासुरवाडी साकोलीची. लय खाऊ घालतेत.”

*

आंधळगावच्या एका शेतकऱ्याने आमचा फोमचा भाव ऐकला आणि कपाळाला हात लावला. “इतक्यात तर म्हैस येते!” म्हणाला. कापड तेवढं घेऊन गेला. आत काय भरायचं ते मी पाहतो, म्हणाला.

धानाचा मुलूख आहे. तणशीला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, काय तोटा? त्याने कुशनमध्ये ठासून तणीस भरली. मस्त फुगली. गावभर दाखवली. दुपारी ऊन द्यायला म्हणून सोफा अंगणात काढला आणि पठ्ठ्या जेवायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो पायरीवर बसलेला.

“फोम द्या.”

“काहून? तणीस नाई जमली?”

“जमली न. गाईले जमली.” मग जरा थांबून म्हणाला, “दोन्ही हात ठेवले तिनं. बसायचं तेवढं खाल्लं.”

*

कारध्याचा किस्सा पुराचा आहे. वैनगंगेचं पाणी चढायला लागलं तशी एका घराने सामान वर माडीवर न्यायला घेतलं. धान नेलं, टीव्ही नेला आणि चौघांनी मिळून तीन माणसांचा सोफाही नेला. अरुंद जिना, मध्ये वळण, पण नेला!

पाणी ओसरलं. घर धुतलं. सोफा खाली आणायला गेले, तर वळणावरून येईना. उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, उलटा केला. अजिबात नाही. शेवटी शालिकभाऊंना बोलावलं. त्यांनी जिना मोजला, सोफा मोजला, पुन्हा जिना मोजला.

“हा या जिन्यातून गेलाच नसेल,” त्यांनी जाहीर केलं.

“अरे, मी सोता नेला!”

“मोजमापात बसत नाई न भाऊ.”

घरमालक चिडला. म्हणाला, “तवा पाणी मांगं होतं. मोजायले टाइम कोनाले होता?”

सोफा खोलून खाली आणू का, असं शालिकभाऊंनी विचारलं. मालकाने जिन्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि म्हणाला, “राहू द्या. फुडच्या पुरात उतरवू.”

*

हा किस्सा मला स्वतःला फार आवडतो. निळ्या चौकड्याच्या गुरुजींचा सोफा उसवायला आला होता. प्रणालीने पाठीमागची फट मोकळी केली तर आतून एक लग्नपत्रिका निघाली. हळदकुंकवाची बोटं अजून दिसत होती. आठ वर्षांपूर्वीची.

गुरुजी पत्रिका बघून मटकन स्टुलावर बसले. झालं होतं असं, की त्यांच्या सख्ख्या चुलतभावाने मुलीच्या लग्नाला बोलावलं नाही, म्हणून आठ वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. तो म्हणायचा, पत्रिका घरी आणून दिली. हे म्हणायचे, आम्ही काय आंधळे आहोत? आणि पत्रिका रोज गुरुजींच्याच पाठीखाली! तिच्यावर टेकून ते आठ वर्षं भावाला शिव्या देत होते.

गुरुजी तडक उठले. आमच्याच दुकानातून पडद्याचं चांगलं कापड आहेर म्हणून घेतलं आणि भावाच्या घरी गेले. दार उघडलं नवरीच्या सहा वर्षांच्या मुलाने. गुरुजींनी आहेर पुढे केला.

“तुह्या आईचं लगन आहे न, तिकडे आलो.”

पोरगं आत ओरडत गेलं. भाऊ बाहेर आला. पत्रिका पाहिली, गुरुजींकडे पाहिलं. माझे तर हे ऐकतानाच डोळे भरून आले होते. पण भाऊ काय म्हणाला असेल?

“लय लवकर आला गा! मंडप तरी घालू दे.”

*

आता मोरपंखीवाल्या बाई. तुमसरच्या. आमच्या दुकानात शेकडो गिऱ्हाइकं आली असतील, पण स्वतःची मोजपट्टी पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या या एकट्याच! मी मीटरने कापड मोजलं की त्या आपल्या पट्टीने पुन्हा मोजायच्या. मोरांची नक्षी असलेलं महागडं कापड त्यांनी निवडलं. ताग्यातलं शेवटचं होतं, सगळं घेऊन टाकलं.

त्या दिवशी प्रणालीचा बँकेच्या परीक्षेचा पेपर होता. कापायचं काम शालिकभाऊंवर आलं. त्यांनी काम लवकर उरकावं म्हणून कापड आडवं दुमडलं आणि दोन खुर्च्यांच्या पाठी एकदम कापल्या. उघडून पाहतात तर वरच्या थरातला मोर सरळ, खालच्या थरातला उलटा. डोकं खाली, पाय वर! पाठ वरून गोल, खालून सपाट, त्यामुळे तुकडा फिरवूनही उपयोग नाही.

शालिकभाऊंनी तोंडातले खिळे काढले. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“वहिनी, तुमी काही पाह्यलं नाई.”

मी काही पाहिलं नाही. उलटा मोर माळ्यावर गेला. एका खुर्चीला साधी हिरवी पाठ लागली.

बाई न्यायला आल्या. पट्टी काढली. सगळ्या सोफ्याभोवती फिरून मोजलं. “माझा अर्धा मीटर कुठं गेला?”

“कापड आकसते, बाई,” शालिकभाऊ म्हणाले.

“धुतलं तर आकसते. हे धुतलं कुठं?”

“हवेनं.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच लाजून फोम मोजायला लागले. जाताना दारात म्हणाल्या, “हे मी ध्यानात ठेवीन.”

*

यंदा प्रणालीसाठी तुमसरचं स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात, घर चांगलं. मध्यस्थामार्फत बायोडाटा गेला, आला. आडनाव होतं ‘पटले’. आम्ही कोणी त्यांना ओळखत नव्हतो. आमच्या बायोडाट्यात वडिलांचा व्यवसाय ‘फर्निचर’ असा घातला होता, तो सल्ला माझाच.

सुलोचनाने मात्र निर्वाणीचं सांगितलं, “पावणे त्या स्प्रिंगीवर बसले तर पोरीचं लगन मोडन. सोफा करा, नाई तर मी माहेरी चालली.”

बारा वर्षांनी मुहूर्त लागला! चार दिवसांत शालिकभाऊंनी जमलेल्या कटपीसांचा सोफा केला. बैठक मरून रेक्झिनची, एक हात पिवळ्या फुलांचा, एक निळ्या चौकड्याचा. खरं सांगू? दिसत छान होता. मधल्या पाठीला पुरेल असा एकच तुकडा होता. माळ्यावरचा.

“कोन पायते!” शालिकभाऊ म्हणाले. वर टॉवेल टाकू म्हटलं, तर सुलोचना तो ओढून घेऊन गेली. “नव्या सोफ्यावर टावेल?”

पाहुणे यायच्या दिवशी मीही मदतीला होते. गाडी थांबल्याचा आवाज आला. शालिकभाऊंनी खिडकीतून डोकावलं आणि भिंतीला टेकले.

“वहिनी! मोरपंखीवाल्या!”

मी पाहिलं. त्याच! हातात तीच पर्स. पटले आडनावाच्या त्या याच, हे आम्हाला कसं कळणार? नाव कधी विचारलंच नव्हतं.

दारातून पाहुणे आत येईपर्यंत शालिकभाऊंनी एकच केलं. धावत जाऊन मोराला पाठ लावून बसले. आणि उठेनात! पाय धुवायला पाणी सुलोचनाने दिलं. रामराम बसूनच झाला. मुलगा, विवेक नावाचा, वाकून पाया पडला, “काका, नमस्कार,” म्हणाला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, पण ते लग्न ठरल्यावर. शालिकभाऊ हललेच नाहीत. मुलीचा बाप असा खुंट्यासारखा बसलेला पाहून पाहुण्यांचे चेहरे उतरायला लागले. सुलोचना डोळ्यांनी खुणा करत होती. शालिकभाऊ गुडघा धरून कण्हत होते.

बाईंनी त्यांना ओळखलं होतं. “तुमी तर थे कारागीर!” एवढंच बोलल्या. नंतर सारखं निळ्या, मरून, पिवळ्या तुकड्यांवरून डोळे फिरवत होत्या.

तेवढ्यात मुलाचे आजोबा, आबाजी, काठी टेकत आत आले. गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागला होता. बसायला जागा नाही. प्रणाली आलूपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिला बिचारीला काय माहीत!

“बाबा, उठा न. आबाजींले बसू द्या.”

शालिकभाऊ उठले.

मोर दिसला. डोकं खाली, पाय वर.

मी प्रणालीच्या ट्रेमधल्या पोह्यांत शेंगदाणा शोधायला लागले. बाईंनी पर्स उघडली, मोजपट्टी काढली आणि मोर मोजला.

“अर्धा मीटर,” त्या म्हणाल्या. “हवेनं आकसला होता न?”

शालिकभाऊंच्या तोंडात त्या दिवशी खिळे नव्हते, तरी ते काय पुटपुटले ते मला कळलं नाही. सुलोचनाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं स्थळ, आणि निम्मं माझ्या पायी.

प्रणालीने ट्रे टीपॉयवर ठेवला.

“मावशी, बाबांनी कापड दुमडून कापलं. चुकलं. मंग लपवलं, थे जास्त चुकलं. मी घरी असती तर असं झालं नसतं.”

“तुले सुलटा कापता येते?”

“येते. अन् तुमच्या खुर्चीले हिरवी पाठ शोभत नाई, हे बी मले माहीत आहे. हाच तुकडा खालून जोड देऊन सुलटा बसवता येते. जोड दिसनार नाई.”

बाईंनी आबाजींकडे पाहिलं. आबाजी पोहे खात होते, त्यांनी मान हलवली. मुलाकडे पाहिलं. तो प्रणालीकडे पाहत होता.

“पोरगी पसंत आहे आमाले,” बाई म्हणाल्या. “पन मोर आमचा आहे. थो आत्ताच घेऊन जाऊ.”

सुलोचनाचा सोफा एकूण तीन तास टिकला. शालिकभाऊ नवा शर्ट घालून जमिनीवर बसले आणि स्वतःच लावलेल्या पिना एकेक उपटू लागले. बाई पट्टी घेऊन बाजूला उभ्या.

“विवेक, पाहून काय राहिला? दुसरीकडून धर!”

मुलगा उठला, बाह्या सरसावल्या, सुटत आलेल्या कापडाचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि शालिकभाऊंकडे वाकून हळूच विचारलं, “मामाजी, मोर सुलटा धरू का उलटा?”