पासाला कुंकू

बायकोबरोबर मी शेवटचं काय केलं, तर देवापुढं भांडलो.

आम्ही दोघं सिंगापुरात, यिशुनला मुलाच्या फ्लॅटात राहायचो. पुण्याहून लेकीची लेक इथं कॉलेजला आली, तीही आमच्यातच. परदेशी पोरांना शिकायला सरकारचा पास लागतो. मागल्या खेपेला त्याचं प्लास्टिकचं कार्ड मिळालं होतं. बायकोनं ते देवापुढं ठेवून, हळदकुंकू वाहून, मगच पोरीच्या हातात दिलं. यंदा नवा पास आला तो फोनमध्येच.

"आजी, आता कार्ड नसतं. फोनमध्येच आहे लाह."

"लाह काय गं, इथल्या पोरांसारखं? मी देवापुढं काय ठेवू?"

शेवटी फोनच ठेवला. बायकोनं कुंकवात बोट बुडवलं, तोवर फोन काळा.

"अहो, विझला!"

"तुला बघून डोळे मिटले त्यानं," मी म्हणलं.

"माझं तोंड दिसल्याशिवाय उघडत नाही तो," नात म्हणाली.

बायकोनं तिचा दंड धरला आणि तिलाच पाटावर बसवलं. "हिच्या तोंडावर उघडतो ना? मग पास म्हणजे हीच." कपाळाला कुंकू, तोंडात साखर.

"सरकारनं कार्ड बंद केलं, हिनं पोरीचंच कार्ड केलं!"

"गप बसा. उद्या कॉलेजात पास दाखवायचा शेवटचा दिवस. नाव लागलं नाही तर पोर माघारी जाईल."

दुपारी बायको जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा-सून पुण्याहून येणाऱ्या लेकीला आणायला विमानतळावर गेलेले. अंत्यविधी दुपारी होता. नात म्हणाली, "मी नाही जात कॉलेजला."

"जायचं. आजीनं साखर फुकट नाही घातली."

निघताना तिनं फोन तोंडासमोर धरला. उघडेना.

"आजोबा, ओळखतच नाही मला."

"रडून तोंडाचा भोपळा केलायस. मीच ओळखत नाही, तो काय ओळखणार?"

हसली, आणि परत रडायला लागली. नंबर दाबूनही उघडतो म्हणाली. म्हणलं, नको, तोंडानंच उघडायचा. बेसिनपाशी नेऊन तिच्या तोंडावर गार पाणी मारलं, टॉवेलनं खसाखसा पुसलं. फळीवरचा करंडा काढला. सुतकात हे चालतं का, ते जिला ठाऊक ती बाहेरच्या खोलीत निजवलेली. लग्नानंतर मी कुणाला कुंकू लावलं नव्हतं. तिरकंच लागलं.

फोन उघडला. मी जाऊन लिफ्टचं बटण दाबलं.