इंडीच्या व्याह्याची शपथ

माजा थोरला भाऊ कल्लप्पा, आमचा अण्णा, सोलापुरात मागावर टॉवेल-चादरी विणायचा. घरात आमी समदी कानडी बोलणारी, पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा सगळ्यांच्या म्होरं. घोषणा देऊन घसा बसला, जेलात गेला. आई भेटाया गेली, तर तिच्यासंगं कानडीतच बोलला. आई म्हणली, "अरं मंग भांडलास कशापायी?"

म्होरं मोठा दुष्काळ सरला आन् त्याच्या लेकीला, दाक्षायणीला, कर्नाटकातल्या इंडीच्या मास्तराचं स्थळ आलं. पोरगं तिच्या मनात भरलं. बोलणी कराया पोराचा बाप चनमल्लप्पा आन् आई रत्नम्मा आली. च्या दिला, तर चनमल्लप्पानं कप बाजूला सारला.

"माजी शपथ हाय. सोलापूर कर्नाटकात आल्याबिगर हितलं अन्नपाणी घेणार न्हाय."

त्यो बी तरणेपणी जेलात गेलेला, पर तिकडच्या बाजूनं.

अण्णा म्हणला, "मंग उपाशी मरशीला, व्याही."

झालं, जुंपली की. भांडण मराठी-कानडीचं, पर चाललंय समदं कानडीतच. व्याह्यानं तोंड गोड केल्याबिगर आमच्यात सोयरीक पक्की हुत न्हाय. दाक्षायणी दाराआड पदर चावत हुबी.

तवा रत्नम्मा नवऱ्याला म्हणली, "घरी रोज म्हणता न्हवं, सोलापूर आपलंच हाय म्हणून? मंग आपल्याच घरचा च्या प्याया शपथ कसली आडवी येती?"

चनमल्लप्पानं लई इचार केला. "व्हय की. आपलंच हाय," म्हणला आन् कप उचलला.

अण्णानं तोंड उघडलं. सुंदरम्मा वैनीनं मागनं त्याचा सदरा असा वढला की गळ्याचं बटण उडालं. अण्णानं दाराकडं बगितलं, पोरीचं तोंड बगितलं, आन् जेलात सुदिक गप न बसलेला माणूस गप बसला.

लग्नात पंगत बसली. चनमल्लप्पा घासाघासाला म्हणायचा, "आमच्या सोलापुरात जेवाण ब्येस असतं." त्यानं तोंड उघडलं की अण्णा त्याच्या पानात पुरणपोळी टाकायचा, वर तुपाची धार. असं करता करता व्याह्याला जाग्यावरनं उठता यीना. इंडीची यष्टी निघून गेली. मंग अण्णानंच त्याला धरून बाजंवर निजवला, आपल्या मागावरची चादर घातली.

"पडा निवांत. महाराष्ट्रात हायसा," म्हणला.

व्याही कुथत म्हणला, "कल्लप्पा, आमच्या सोलापूरचं पाणी दे की थोडं."

अण्णानं मुकाट्यानं तांब्या भरून दिला.