क्वेसारचं फॅट

२५ जानेवारी. संध्याकाळचं दूध घ्यायचं होतं. कोल्हारजवळच्या आमच्या वाडीतलं दूध संकलन केंद्र मी चालवते. किटल्यांची रांग लागली होती, मी प्रत्येकाच्या दुधाचं फॅट मोजत होते आणि पुण्यात संशोधन करणारी माझी मुलगी आत पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात तिचा सत्कार होता. कारण माझी जीभ.

आठवड्यापूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "आई, खूप लांबचे क्वेसार अपेक्षेपेक्षाही लांब निघतायत. हे टिकलं तर विश्वाच्या प्रसरणाचं गणित बदलावं लागेल." यातलं 'हे टिकलं तर' रांगेत सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सरपंचांनी त्याच दिवशी शाल आणि नारळ ठरवून टाकला.

रांगेतले एक आजोबा आत डोकावले. "काय गं पोरी, आभाळाची मोजनी केली म्हनं तू?"

"चाललीये, आजोबा."

"अर्ज कुनी दिल्ता? शेजारच्यानं?"

रांग हसली. मुलगी हसली नाही. तीन वर्षांचं काम होतं, आणि शोधनिबंध पाठवायचा होता.

दूध संपल्यावर किटल्या विसळता विसळता मी तिला म्हटलं, "उद्या लोक विचारतील, तर मला नीट सांग."

तिनं सांगितलं. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या मध्यावरचं प्रचंड कृष्णविवर. त्यात पडणारा वायू पडण्याआधी तापून झळाळतो. मूळ तेज कळलं, की तो आपल्याला किती फिका दिसतो त्यावरून अंतर निघतं. आणि मूळ तेज कशावरून, तर क्वेसार जितका तेजस्वी, तितकं त्याच्या प्रकाशात क्ष-किरणांचं प्रमाण कमी.

"म्हणजे जास्त दुधाच्या गाईला फॅट कमी लागतं, तसं. फॅट बघायचं आणि गाय किती लिटरची ते ओळखायचं."

"अगदी तसंच, आई!"

"आणि दुधात पाणी असलं तर?"

तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"पाण्यानंही फॅट उतरतं," मी म्हटलं. "आपण आपलं म्हणायचं, वा, काय दुभती गाय."

वायूचा पडदा आड आला तर तो क्ष-किरण गिळतो आणि क्वेसार उगाच जास्त तेजस्वी, म्हणून जास्त लांबचा वाटतो, हे तिला माहीत होतंच. असे संशयित क्वेसार वगळायचे असतात. जवळचे तिनं वगळले होते. लांबच्यांच्या बाबतीत चाळणी सैल ठेवली होती.

"लांबचे आधीच थोडे आहेत गं. कडक चाळणी लावली तर उरतंय काय?"

"मलाही रोज ऐकवतात. वहिनी, लई लांबनं येतो, घ्या सांभाळून."

तिनं कडक चाळणी लावली. घरात मी भाकरी थापेपर्यंत लॅपटॉप चालत होता. तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवला. वर गेलेले ठिपके खाली, सगळं जग मानतं त्या जुन्या रेषेवर येऊन बसले होते. मला त्यातलं काही कळलं नाही. तिचा चेहरा कळला.

"तीन वर्षं, आई."

मी ताट वाढलं. जेवून झाल्यावर तिनं गाइडला मेल केला, की दावा मागे घेतेय. मग मला विचारलं, "उद्या आजारी पडू का?"

"पडू नकोस. जीभ माझी सुटली होती, मी बघते."

सकाळी पटांगणात जाऊन मी सरपंचांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पन वहिनी, शाल आनलीय. आता ती कुनाच्या अंगावर घालू?"

"तिच्याच घाला. आधी मला बोलू द्या."

झेंडावंदन झाल्यावर मी माईक घेतला. माझ्या मुलीनं नवीन काही शोधलेलं नाही, स्वतःची चूक तेवढी शोधली, बाकीचं मी आगाऊ सांगत सुटले होते; विश्व पूर्वीसारखंच पसरत आहे, असं जाहीर केलं. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.