मेज म्हणजे पंगत नव्हे

पद्मावतीबाईंकडे झंपर शिवायला टाकला की तो अंगाला बसणारच, अशी पेडण्याच्या बाजारात त्यांची ख्याती होती. कापड कमी पडलं तर बगलेत असा काही तुकडा घालत की घालणारीलाही पत्ता लागत नसे. पण माहेरच्या दोन भावांमध्ये जे फाटलं होतं, तिथे त्यांची सुई चालली नव्हती. पंचवीस वर्षं त्या तुकडा शोधत होत्या आणि तो सापडला कुठे, तर सड्यावरच्या पार्कात, नातवाच्या वाढदिवसाला आईस्क्रीम खाताना.

सड्यावर, त्या खडकाळ माळावर, पूर्वी गुरं चरायची. आता तिथे पाण्याच्या घसरगुंड्या, फिरती चाकं आणि सिमेंटचे हत्ती उभे होते. आत 'राजांगण' नावाचं झोकदार हॉटेल होतं. वेटर जुन्या काळचे मुंडासेवाले आणि गारवा मात्र नव्या काळच्या यंत्राचा. मोठ्या गोल मेजाभोवती सगळे बसले होते. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि मुलीला, गौरवीला, विचारलं, "गौरवी, ही पंगत न्हय मगो?"

"पंगत खंयची, आई? मेज तें."

"मेज. तेंच म्हणटां हांव," बाई म्हणाल्या आणि पुढ्यातलं सगळं आईस्क्रीम वितळून गेलं तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

भावांमध्ये फाटलं ते गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीच्या चतुर्थीला. राज्याची भाषा कोंकणी की मराठी, या वादावर कायदा होऊन गेला होता, पण कायदा झाला म्हणून घरातली भांडणं थोडीच मिटतात! कारापूरच्या घरी थोरले भाऊ कृष्णनाथ, मराठी शाळेतले मास्तर, मराठीच्या मोर्चात पुढे. मधले गोकुळदास वीज खात्यात नोकरीला आणि पक्के कोंकणीवाले. गणपतीसमोर पंगत बसली, करंज्यांसारख्या नेवऱ्या वाढल्या आणि गोकुळदासांनी चेष्टेत विचारलं, "दादा, ही नेवरी तूं खंयच्या भाशेंत खाता?"

"तू आरती ज्या भाषेत म्हणतोस त्याच," मास्तर उत्तरले.

इथवर सगळे हसले. मग शब्दाला शब्द वाढला, गावातली भांडणं पानावर आली आणि दोघेही भरल्या पानावरून उठले. त्यातही गंमत बघा. मराठीवाले मास्तर संतापून, गणपतीला साक्षी ठेवून ओरडले ते कोंकणीत: "तुज्या पंगतीक हांव परत बसलों जाल्यार हो गणपती पळेता!" आणि कोंकणीवाल्या गोकुळदासांनी गणपतीपुढे हात करून उलट शपथ घेतली ती शुद्ध मराठीत: "मीही तुमच्या पंगतीला जन्मात बसणार नाही." राग आला की आईची भाषा तोंडात येते आणि देवाशी बोलायचं झालं की आरतीची, एवढंच यातून सिद्ध होत होतं. पण ते दाखवून देण्याइतकं डोकं ताळ्यावर असलेलं घरात कोणी उरलं नव्हतं.

गोकुळदासांनी नार्व्याला वेगळं घर बांधलं. नंतर दोघांनी एकमेकांना कधी शिवी दिली नाही की कोर्टाची पायरी चढली नाही. फक्त बोलणं थांबलं आणि पंगत तुटली. भाऊबिजेला पद्मावतीबाई दुपारी एका भावाला ओवाळत आणि संध्याकाळी दुसऱ्याला. स्वयंपाकही दोनदा करत. गौरवीच्या लग्नात एक मामा पहिल्या पंगतीला बसला आणि दुसरा शेवटच्या. आई गेली तेव्हा दोघांनी खांदा दिला, पण बाराव्याला पानं दोनदा मांडावी लागली. त्या दिवशी पद्मावतीबाई न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडल्या. आई गेली म्हणून रडतेय असंच सगळ्यांना वाटलं.

आता मास्तरांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती आणि बाईंना साठावं लागत होतं. दोन्ही भाऊ एका वेळी जेवताना एकदा तरी बघायचे होते. त्यांना साड्या, दागिने काही नको होतं.

"शपथ पंगतीची. मेजाची न्हय," त्यांनी नवऱ्याला समजावलं. सदाशिवराव जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "हॉर्न मारलो म्हणून वळण सरळ जायना, पद्मा."

नवऱ्यावर विसंबून बाई कधी राहिल्या नव्हत्या. त्या सरळ देवळात गेल्या आणि देवाला कौल लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार. लग्नं, घरं, विहिरी यांचे कौल घेऊन गुरवाचे केस पिकले होते, पण 'मेजार जेवप ही पंगत न्हय आसल्यार उजवो दी' असलं गाऱ्हाणं त्याने जन्मात घातलं नव्हतं. दोनदा विचारून त्याने ते घातलं. देव बराच वेळ विचारात पडला असावा. शेवटी उजवी पाकळी पडली.

मग बाईंनी दोघांना फोन करून साठीला राजांगणात मेजावर जेवायला बोलावलं. लपवाछपवी केली नाही. दुसराही येणार आहे हे स्वच्छ सांगितलं. कारापूरहून मास्तर म्हणाले, "पंगत न्हय मगो, बाय?" नार्व्याहूनही तेच आलं, शब्दाला शब्द, "पंगत न्हय मगो, बाय?" बाईंनी फोन ठेवला. एकाच आईचे लेक, दुसरं काय!

आता वार ठरवायचा. मास्तर सोमवारी आणि शनिवारी मासळीला शिवत नसत, गोकुळदास गुरुवारी. रविवारी पार्कात पाऊल ठेवायला जागा नसायची. बुधवार ठरला. मग बसायचं कसं? शिवणयंत्राच्या फळीवर बाईंनी बटणं गोल मांडली. कोटाची दोन मोठी बटणं म्हणजे भाऊ, त्यांच्या मध्ये स्वतः, पलीकडे वहिन्या, मुलं दाराच्या बाजूला. दोघांची नजरानजर होता कामा नये आणि एकमेकांकडे पाठही होता कामा नये, म्हणून त्या बटणं सारखी सरकवत राहिल्या. गिऱ्हाइकं आपले झंपर मागून मागून परत गेली.

हॉटेलचं काम गौरवीकडे होतं. तिने फोनवर सांगितलं, "घरचीच बारा माणसं आहोत. आईची साठी आहे. काहीतरी खास करा."

त्या 'खास'नेच घात केला.

बुधवारी संध्याकाळी सगळे राजांगणाच्या दाराशी जमले. दोघे भाऊ वेगवेगळ्या गाड्यांतून आले आणि सिमेंटच्या एकाच हत्तीकडे, पण दोन बाजूंनी, बघत उभे राहिले. तेवढ्यात आतून व्यवस्थापक हात जोडून धावत आला. त्याने दार उघडलं. आत एकही मेज नव्हतं. दोन्ही भिंतींना धरून पाट मांडलेले, केळीची पानं, पानांभोवती रांगोळी, टोकाला समई.

"आजींच्या साठीनिमित्त खास आमची पारंपरिक पंगत!" तो मोठ्या कौतुकाने म्हणाला.

गौरवीचा चेहरा उतरला. मास्तरांनी उंबऱ्यावर उचललेला पाय मागे घेतला आणि ते वळले. बाईंना तेव्हा कोणाचा राग आला नाही, हॉटेलवाल्याचाही नाही. त्याने बिचाऱ्याने घरचं म्हणून केलं होतं. आपण साठ वर्षांच्या होऊन लहान पोरीसारखी पळवाट शोधत बसलो, याचीच त्यांना लाज वाटली.

"पंगत जांव नाजाल्यार किदेंय जांव," गोकुळदास गुडघ्यावर हात ठेवून, समईकडे बघत कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "म्हाका सकयल बसूंक जायना. धोंपरां गेलीं. बसलों जाल्यार उठोवपाक क्रेन हाडची पडटली."

वळलेले मास्तर थांबले. पाठमोरेच.

"तुजींय धोंपरां गेलीं?" त्यांनी विचारलं.

"दोनूय," गोकुळदास म्हणाले.

जमिनीवर बसणं दोघांनाही केव्हाचंच जमत नव्हतं. ज्या पंगतीला बसायचं नाही म्हणून इतकी वर्षं हट्ट धरला, ती गुडघ्यांनी कधीच मोडून टाकली होती आणि हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? व्यवस्थापक शहाणा निघाला. त्याने खांबाजवळ एक लहानसं मेज लावलं, दोन खुर्च्या ठेवल्या, दोन पानं वर नेली. बाकीची दहा माणसं खाली पंगतीला बसली. बाई दोघांच्या मध्ये बसणार होत्या, पण त्या मेजाला मध्य असा नव्हताच. दोघे समोरासमोर आले.

भात आला, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं हुमण आलं, इसवणाच्या तळलेल्या तुकड्या आल्या. खाली मुलांचा कलकलाट चालू होता. बाईंनी भाताला हातही लावला नव्हता. कान सगळे वरच्या मेजाकडे. दोघेही आपापल्या पानात बघत, परीक्षेला बसल्यासारखे जेवत होते. असंच संपणार, बाईंना वाटलं. उठतील, हात धुतील आणि आपापल्या गाडीत बसतील.

मास्तरांनी हुमण भातावर कालवलं, एक घास घेतला आणि ते थांबले. इकडे तिकडे पाहिलं. मिठाची वाटी गोकुळदासांच्या बाजूला होती.

"मीठ दी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

गोकुळदासांनी वाटी उचलली. मास्तरांच्या हातापर्यंत नेली आणि मध्येच थांबले. गोकुळदासांनी वाटी परत मेजावर ठेवली आणि एका बोटाने हळूहळू ढकलत भावाच्या पानापाशी नेली.

"हातांत घेवं नाका, दादा," ते म्हणाले. "मीठ हातांत दिल्यार झगडें जाता."

मास्तर मान हलवून "खरें" म्हणाले आणि वाटीतली चिमूट त्यांनी पानावर घेतली. खाली पद्मावतीबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. वाढप्याने घाबरून विचारलं, आजी, तिखट लागलं का? त्या मानेनेच नाही म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.